सकाळची पंधरा मिनिटं अन् बंद करतानाची एक रेस

पत्र आलं आहे दर्यापूर तालुक्यातून. थोडं छाटून देतो:

"नमस्कार भाऊ. माझ्याकडे सेकंडहँड डिझेल सेव्हन सीटर आहे, टर्बोवाली, एक लाख दहा हजार चाललेली. मागच्या दिवाळीत टर्बो गेला, छत्तीस हजार लागले. मेकॅनिक म्हणे गरम गाडी बंद करता म्हणून गेला. आमचे बाबा रोज सकाळी गाडी अंगणात पंधरा मिनिटं चालू ठेवतात, ट्रॅक्टरची सवय आहे त्यांना, अन् बंद करताना एक रेस मारून चावी फिरवतात. मेव्हण्याची नवी पेट्रोल टर्बो आहे, तो म्हणते आजकालच्या गाडीला असलं काही लागत नाही, स्टार्ट मारा अन् निघा. बायको म्हणते धुरानं स्वयंपाकघर भरून जाते. रोज वाद होऊन राहिला. खरं कोणाचं? अन् समृद्धीवरून आल्यावर गाडी किती मिनिटं चालू ठेवायची?"

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं नेहमीचंच आहे, दुसऱ्यांदा वाचताना ती "एक रेस मारून" वाली ओळ नजरेत आली आणि कपाळाला हात लावला. त्यावर येतोच, पण आधी वहिनींचं सांगून टाकतो, कारण तुमच्या घरात सगळ्यात बरोबर त्याच आहेत. डिझेल गाडी पंधरा मिनिटं उभी ठेवून चालू ठेवली तर धुराशिवाय हाती काही लागत नाही.

टर्बो म्हणजे काय ते थोडं सांगतो, बाबांना समजावताना कामी येईल. इंजिनातून जो जळका धूर बाहेर पडतो त्याच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो, आणि त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त गेली की डिझेलही जास्त जाळता येतं, म्हणून एवढ्याशा इंजिनात सात माणसं आणि वर दोन कट्टे तूर ओढायची ताकद येते. आयडिया लय जुनी आहे, आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. आता त्या दोन पंख्यांच्या मधली जी दांडी आहे ती बोटाहून बारीक असते आणि ती मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारते. बंडीचं चाक मिनिटाला पंधरा-वीस फेरे मारतं आणि तरी आखाला वंगण नसलं की साऱ्या पांदणीला ऐकू जाईल असं कुरकुरतं, मग हे दीड लाखवालं कशावर फिरत असेल? तर तेलावर. बहुतेक गाड्यांच्या टर्बोत बॉल बेअरिंग वगैरे काही नसतं, पितळेसारखी एक बुशी असते आणि तिच्यात दांडी इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते, तो थर माणसाच्या केसाहूनही बारीक. तो थर आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही, थर तुटला की टर्बो किलोवर विकायचा. गरम करा, थंड करा, हा सगळा वाद त्या थरासाठी आहे हे एकदा डोक्यात बसलं की घड्याळ लावून मिनिटं मोजावी लागत नाहीत.

आता सकाळचं. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल निथळून खाली चेंबरमध्ये बसतं. चावी फिरवली की पंप ते वर ढकलतो आणि टर्बोपर्यंत पोचायला दोन-चार सेकंद लागतात, थंडीत थोडे जास्त. डिसेंबरात आपल्याकडे पारा आठ-दहावर येतो, खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही, इंजिन ऑइल तसं गोठत नाही पण घट्ट होतंच. आणि एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल, मे महिन्यात आपण घामानं निथळून राहिलो असतो, ४० अंश असतात, तेव्हासुद्धा इंजिन ऑइल "थंडच" असतं, कारण ते १०० अंशाला जेवढं पातळ असतं त्याच्या सहा-सात पट घट्ट ते ४० अंशाला असतं. म्हणजे उन्हाळा आहे, गाडी तापलेलीच आहे, असं म्हणून पहिल्याच गिअरमध्ये दाबायचं काम नाही.

मग करायचं काय, तर मीटरवरचं स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह विझू द्यायचं, स्टार्ट मारायची, अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. तीसेक सेकंद द्या, कडाक्याच्या थंडीत मिनिटभर. तेवढ्यात सीटबेल्ट लावा, काचेवरचं दव पुसा, बाबांचा डबा आत ठेवा. आणि निघा. हळू निघा. गावातून पांदण, पांदणीतून डांबरी, पहिले सात-आठ किलोमीटर दोन हजार आरपीएमच्या आत, ओव्हरटेक नाही, रेस नाही. हळू चालवा म्हणजे तीसच्या स्पीडला चौथ्या गिअरमध्ये कुंथवत न्या असं नाही बरं का, गिअर खालचाच ठेवा, इंजिन मोकळं फिरू द्या. आणि मीटरवरचा टेंपरेचरचा काटा मधात आला म्हणजे झालं असंही धरू नका, तो काटा पाण्याचं सांगतो, तेल त्याच्या मागून गरम होतं, काटा मधात आल्यावर अजून चार-पाच किलोमीटर कळ काढा.

उभ्या गाडीला काहून गरम होऊ द्यायचं नाही ते सांगतो. डिझेल इंजिन आयडलवर फार थोडं डिझेल जाळतं, त्यामुळे उष्णताच तयार होत नाही, पंधरा मिनिटांनी बघा काटा जागचा फारसा हललेला नसतो. अर्धवट जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून तेलात मिसळतं, काजळी ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात नेणारी नळी-वॉल्व्ह) आणि टर्बोच्या पात्यांमध्ये बसते, आणि तुमची गाडी १ एप्रिल २०२० नंतरची बीएस६ असेल तर सायलेन्सरमधला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, त्या काजळीनं भरतो तो वेगळाच. शिवाय टर्बोचं सील हे रबराचं वायसर नाही, तिथे बारीक कडी असते आणि आतल्या हवेच्या दाबावर ती तेल अडवते, आयडलवर दाबच नसला की थोडं थोडं तेल झिरपू शकतं. बाबांना म्हणा, तुमच्या जुन्या बिगर टर्बोच्या ट्रॅक्टरला जे चाललं ते इथे चालत नाही. तसं पाहिलं तर त्या ट्रॅक्टरलाही पंधरा मिनिटं लागत नव्हती, पण तेवढ्यात बाबांचा चहा व्हायचा, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता ती रेस. भाऊ, ही सवय नुसती तुमच्या बाबांची नाही, आपल्याकडे जुन्या जीपवाल्यांची, ट्रकवाल्यांची, मेटॅडोरवाल्यांची सगळ्यांची होती, बंद करायच्या आधी घर्रर्र करून एक रेस द्यायची आणि इंजिन वर चढलेलं असतानाच चावी फिरवायची. कोणी म्हणे बॅटरी चार्ज होते, कोणी म्हणे सकाळी पटकन लागते, माझ्या उस्तादाचं म्हणणं होतं की धूर मोकळा होतो. बिगर टर्बोच्या इंजिनात ते फालतू होतं, नुकसान काही नव्हतं. टर्बोत काय होतं बघा. रेस दिली की टर्बोची दांडी सुसाट फिरायला लागते, त्याच क्षणाला तुम्ही इंजिन बंद करता, तेलाचा पंप इंजिनावरच चालतो त्यामुळे तोही बंद, तेलाचा दाब गेला, आणि दांडी मात्र अजून फिरूनच राहिली आहे. बिना वंगणाची. एक दिवस केलं तर काही होत नाही, थोडं तेल बुशीत राहिलेलं असतं. पण दिवसातून तीन वेळा, वर्षाचे तीनशे दिवस, आणि गाडी तुमच्याकडे किती वर्षं आहे ते तुम्हीच मोजा. तुमच्या टर्बोचा दोष मी कोणावर ठेवायचा झाला तर आधी त्या रेसवर ठेवीन. दुसरा नंबर तेलाचा, ते पुढे सांगतो. मेकॅनिकचं "गरम बंद करता म्हणून" तिसऱ्या नंबरवर.

पण मेकॅनिक अगदीच खोटं बोलला असं नाही. डिझेल इंजिन पूर्ण लोडवर असताना टर्बोत येणारा धूर सातशे-आठशे अंशांचा असतो, धुराकडचं घर अंधारात पाहिलं तर लालबुंद दिसेल असं तापतं. अशात एकदम बंद केलं तर तेलाचं वाहणं थांबतं, लोखंडातली ती सगळी आग हळूहळू मधल्या बुशीकडे सरकते आणि तिथे अडकलेलं चमचाभर तेल करपतं. मी एकदा असा टर्बो टेबलावर उघडला होता, मधल्या घरात तेलाच्या भोकाच्या तोंडाशी काळा, टणक, चकचकीत थर, भजेवाल्याच्या कढईला बाहेरून बसतो ना वर्षानुवर्षाचा, तसाच. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर कोळशासारखे तुकडे निघाले. भोक मूळचं जेवढं होतं त्याच्या निम्मंही राहिलं नव्हतं. त्यातून तेल काय जाणार अन् दांडी काय तरंगणार. गाडीमालक म्हणत होता मी तर तेल वेळेवर बदलतो, बदलत असेलही, पण तेल जायच्या रस्त्यातच नाका लागला होता.

तर थंड करायचं कधी, हा खरा प्रश्न, आणि तो मिनिटांचा कमी आणि शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचा जास्त आहे. तुम्ही समृद्धीचं विचारलं. नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्यांना तास-तास १२० नं पळायची सवय लागली, त्याआधी एवढा वेळ सलग दाबायला रस्ता होता कुठे. आता तुम्ही नागपूरवरून येता, कारंज्याला उतरता, रॅम्पवर स्पीड कमी होतो, टोल देता, मग मूर्तिजापूरवरून दर्यापूर म्हणजे पुढे साठेक किलोमीटर आपला साधा रस्ता, शेवटी गावात शिरताना म्हशी, पोरं, बैलबंड्या, वीस-पंचवीसचा स्पीड. घरी पोचेपर्यंत टर्बो कधीचाच निवला असतो. अंगणात उभं राहून अजून पाच मिनिटं चालू ठेवायची काहीच गरज नाही, गाडी लावा, हँडब्रेक ओढा, काचा वर करा, चावी फिरवा. एवढा वेळ पुष्कळ झाला.

गडबड होते ती मधात थांबताना. १२० नं चालून राहिले, कोणाला तरी एकदम लघवीची घाई, लगेच रेस्ट एरियात घुसले आणि अर्ध्या मिनिटात इंजिन बंद. इथे मात्र दीड-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. आत कोणीतरी बसून राहा, लेकरं एकटी गाडीत अन् गाडी चालू, असं करू नका. पेट्रोल पंपावर तर इंजिन बंदच पाहिजे, म्हणून लाइनीत लागायच्या आधी बाजूला मिनिट-दीड मिनिट उभे राहा आणि मग नोझलजवळ जा. दुसरी जागा म्हणजे चिखलदरा. परतवाड्यावरून सात माणसं घेऊन घाट चढायचा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन सारखं लोडवर, स्पीड चाळीसच असतो म्हणून माणसाला वाटते गाडी आरामात चालून राहिली, खरं म्हणजे टर्बो तेव्हा सगळ्यात जास्त तापलेला असतो. वर पोचल्याबरोबर पॉइंटवर लावून बंद करू नका, गावातून हळू एक चक्कर मारा किंवा दोन मिनिटं थांबा. उतरताना उलटं आहे, गिअरमध्ये पाय सोडून उतरत असलात तर इंजिनात डिझेल जातच नाही, नुसती हवा जाते, टर्बो आपोआप थंड होतो, खाली पोचून लगेच बंद केली तरी चालते. ब्रेक मात्र तापतात, पण तो वेगळा विषय.

बाबांचा ट्रॅक्टर टर्बोवाला असेल आणि त्यावर मळणीयंत्र दोन-तीन तास चाललं असेल तर तिथेही दोन-तीन मिनिटं बिनालोड आयडलवर ठेवून मगच बंद करायचा. इथे बाबांची सवय कामाची आहे, हे त्यांना आवर्जून सांगा, सगळंच तुमचं चुकते असं ऐकून घ्यायला कोणालाच आवडत नाही.

मेव्हण्याचं अर्धं बरोबर आहे. त्याच्या पेट्रोल टर्बोत मधल्या घराला तेलाबरोबर पाण्याचा फेराही असतो, इंजिन बंद झाल्यावरही पाणी उष्णतेनं आपलं आपण फिरत राहतं, काही गाड्यांत त्यासाठी वेगळा इलेक्ट्रिक पंप असतो. म्हणून गाडी बंद केल्यावरही समोरून घुर्रर्र आवाज येतो, फॅन फिरतो, त्याला घाबरायचं नाही. हा दोन मिनिटांचा नियम जुन्या काळात पक्का झाला, टर्बो नुसत्या तेलावर थंड व्हायचा आणि तेलही साधं मिनरल असायचं तेव्हा. मर्सिडीजनं १९७८ मध्ये ३००एसडी नावाची टर्बो डिझेल कार काढली, त्या जमान्याच्या गाड्यांसाठी तो शंभर टक्के खरा होता. पण पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षाही गरम असतो, साडेनऊशे अंशांपर्यंत जातो, म्हणून रेस्ट एरियातलं ते मिनिटभर मेव्हण्यानंही द्यावं. आणि "स्टार्ट मारा अन् निघा" मधलं निघणं ठीक आहे, पण तुमचा मेव्हणा निघतो कसा ते मी न पाहताही सांगू शकतो.

आता तेल. माझ्याकडे टर्बो गेला म्हणून जेवढ्या गाड्या आल्या त्यातल्या बहुतेकांची कहाणी तेलाचीच होती, उशिरा बदललेलं, भलत्याच ग्रेडचं, किंवा बीज-खताच्या दुकानाच्या बाजूला सुटं मिळते म्हणून कॅनमधून ओतलेलं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिला तोच टाका, जाड टाकलं म्हणजे इंजिनाला भारी असं नसते, जाड तेल सकाळी टर्बोपर्यंत पोचायला उशीर करतं. मॅन्युअल दहा हजार म्हणत असेल तर आपल्या मुरमाच्या रस्त्यावर, धुळीत, सात-साडेसात हजारालाच बदला, फिल्टरसकट.

आणि एअर फिल्टर. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत वावरात गाडी नेली की हवेत नुसता भुसा, तो फिल्टरमधून आत गेला तर दीड लाखानं फिरणाऱ्या पंख्यावर वाळूसारखा घासतो, पात्यांची टोकं बोथट होतात. मागे एक गाडी आली होती, पिकअप नाही, शिट्टीसारखा आवाज. फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरानं मस्त कापसाचं घर केलेलं, फरदडीचा कापूस होता, पिवळसर, मधात सरकीचे दाणे कुरतडून ठेवलेले, अन् फिल्टरच्या कागदाला अंगठा जाईल एवढं भोक. तिथून कापसाचे तंतू सरळ टर्बोत. मालकाच्या घरी कापूस पाच महिने भावाची वाट पाहत पडून होता आणि गाडी त्याच खोलीबाहेर लागत होती. तुमच्याकडेही कापूस घरात भरलेला असेल तर महिन्यातून एकदा तो डबा उघडून बघा. फिल्टर कंप्रेसरच्या जोरदार हवेनं फुंकू नका, कागद फाटतो आणि दिसत नाही, बदलून टाका.

मेकॅनिकला आता दोन गोष्टी विचारा. नवा टर्बो बसवताना त्याला तेल देणारा बारीक पाइप बदलला का, निदान साफ तरी केला का? आणि इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोनं कोंबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत, जुन्या टर्बोनं ओकलेलं तेल काढलं का? जुना करपलेला पाइप तसाच ठेवून नवा टर्बो लावला असेल तर छत्तीस हजार पुन्हा तयार ठेवा, किंवा आजच जाऊन तो पाइप बदलून घ्या, त्याला टर्बोच्या मानानं काहीच लागत नाही.

गाडीनं पुढे कधी निळा धूर टाकला, तेल कमी व्हायला लागलं, किंवा पोलीस गाडीच्या सायरनसारखा आवाज यायला लागला तर चालवत राहू नका. टर्बोचं तेल इंजिनात शिरलं तर डिझेल इंजिन त्या तेलावरच धावायला लागतं, चावी काढली तरी बंद होत नाही, रेस आपोआप वाढत जाते. असं झालं तर ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाकून क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद होईल. नाही जमलं तर सगळ्यांना खाली उतरवून लांब व्हा. बॉनेट उघडून आत हात घालायचा नाही.

बाबांना ती रेस सोडायला तुम्ही सांगू नका, पोराचं ऐकणार नाहीत. पाइप बदलायला जाल तेव्हा त्यांना सोबत न्या, जुना टर्बो गॅरेजमध्येच पडला असेल तर मेकॅनिकला तो त्यांच्या हातात द्यायला सांगा आणि दांडी वरखाली हलवून बघू द्या. मला वाटते एवढ्यात होईल. सकाळच्या पंधरा मिनिटांसाठी अंगणात खुर्ची टाकून द्या, चहा तिथेच.